मुलांना मोडायला एक संगणक द्या



तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात दारावर एखादी सूचना लावलेली आहे का? आमच्याकडे होती. "शिक्षकांच्या परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये." मीच लिहिली होती, लाल स्केचपेनने, खाली दोन रेघा मारून. मागच्या वर्षी ती मी स्वतःच काढली. का काढली आणि तिच्या जागी काय आलं, ते आज सांगते. थोडा तांत्रिक भाग आहे, पण घाबरू नका. आज्ञा मी वर्गात बोलते तशाच लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या.

आधी झालेला प्रकार सांगते, कारण चूक माझी आहे.

आमच्या कक्षातले संगणक उबंटूवर चालतात. नववीच्या वर्गाला पायथॉन शिकवत होते. सगळ्यांना एकच खातं, एकच पासवर्ड, आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवलेला. दर तासाला पंधरा जण "बाई, पासवर्ड काय?" विचारतात, कोण सांगत बसणार! त्या खात्याला संगणकाचे सगळे अधिकार होते, हे माहीत असूनही मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

एका मुलाने वडिलांच्या मोबाइलवर पायथॉनचा एक व्हिडिओ पाहिला. त्यात नवी आवृत्ती होती, आमच्याकडे जुनी. त्याच्या वडिलांचं दुचाकीचं गॅरेज आहे. जुना प्लग काढल्याशिवाय नवा बसत नाही, हे तो लहानपणापासून बघतोय. तेव्हा त्याने काय केलं, तर आधी जुना पायथॉन काढून टाकायची आज्ञा दिली: सुडो एपीटी रिमूव्ह पायथॉन-थ्री. पडद्यावर नावांची लांबलचक यादी आली, खाली प्रश्न आला, पुढे जाऊ का? त्याने वाय दाबलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उबंटूमध्ये पायथॉन फक्त मुलांच्या अभ्यासासाठी नसतो. त्या प्रणालीचे कितीतरी भाग त्याच्याच आधारावर उभे असतात. तो काढला की त्याच्यावर टेकलेलं सगळं सोबत जातं, अगदी आपल्याला दिसणारा डेस्कटॉपसुद्धा. ती लांब यादी त्याचीच होती. संगणक पुन्हा सुरू केला तर काळा पडदा आणि त्यावर लॉगिनची एक ओळ. बाकी काही नाही.

नेमका तो संगणक माझा होता. त्यावर सगळ्या वर्गाच्या प्रात्यक्षिकाच्या गुणांची फाइल होती, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी त्या मुलाला भर वर्गात उभं केलं. "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" इथून सुरू झाले ती तास संपेपर्यंत थांबले नाही. बाहेरून दुरुस्तीवाला बोलावला. तो म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल. मी म्हटलं, मारा. गुण गेले. सगळ्या वर्गाची प्रात्यक्षिकं पुन्हा घेतली. शिक्षक कक्षात मी सगळ्यांना सांगितलं, अमक्याने माझे गुण उडवले.

त्यानंतर तो मुलगा कक्षात यायचा, पण हात मांडीवर ठेवून बसायचा. शेजारचा टाइप करायचा आणि हा नुसता बघायचा. मला ते दिसत होतं. खरं सांगते, सुरुवातीला मला बरंच वाटलं. एक तरी शांत बसलाय!

पालकसभेला त्याचे वडील आले. म्हणाले, "बाई, नुकसान झालं असंल तर सांगा, भरून देतो." मी नको म्हटलं. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "एक बोलू का बाई? राग मानू नका. माझ्याकडं नवं पोरगं शिकायला आलं की मी त्याला पहिलं भंगारातलं इंजिन देतो. खोल म्हणतो, मोड म्हणतो. गिऱ्हाइकाची गाडी नाही देत. गिऱ्हाइकाची गाडी दिली आणि मोडली, तर चूक पोराची का माझी?"

मी काही बोलले नाही. पण ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. मी तीस मुलांच्या हाती गिऱ्हाइकाचीच गाडी दिली होती, किल्ली फळ्यावर टांगून.

संगणकात भंगारातलं इंजिन कुठून आणायचं?

जुने संगणक आणून ठेवायला आमच्याकडे जागा नाही. शोधताना उत्तर सापडलं ते व्हर्च्युअल मशीनचं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. खऱ्या संगणकाच्या प्रोसेसरचा, मेमरीचा आणि डिस्कचा थोडा वाटा त्याला काढून दिलेला असतो. त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते. आतून पाहिलं तर तो पूर्ण संगणक, बाहेरून पाहिलं तर आपल्या डिस्कवरची एक मोठी फाइल. आत काहीही मोडलं तरी बाहेरचा संगणक शाबूत. कल्पना नवी नाही. 1960 च्या दशकात आयबीएमने एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांना आपापला वेगळा संगणक वाटावा, म्हणून हेच केलं होतं. आज साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्येही त्यासाठी खास सोय असते.

पण नेहमीच्या पद्धतीने व्हर्च्युअल मशीन बनवायचं म्हणजे मोठी फाइल उतरवा, खिडक्यांमागून खिडक्या भरा, भाषा निवडा, वेळ निवडा, आणि अर्धा तास वाट बघा. तासिका संपते. आणि मुलाने मोडलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मला हलकं काहीतरी हवं होतं. ते मिळालं मल्टिपासमध्ये. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचंच हे साधन आहे, मोफत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ते आधीच तयार केलेली उबंटूची प्रत उतरवतं. तिच्यात डेस्कटॉप नसतो, चित्रं नसतात, फक्त टर्मिनल. म्हणून ती हलकी.

मशीन बनवायला एक ओळ पुरते: मल्टिपास लाँच. काही सांगितलं नाही तर मशीनला प्रोसेसरचा एक गाभा, 1 जीबी मेमरी आणि 5 जीबी डिस्क मिळते. आमच्या 8 जीबीच्या संगणकांना हे सहज झेपतं. नाव दिलं नाही तर तेच एक नाव ठेवतं, एक इंग्रजी विशेषण आणि एक प्राणी. मुलांना ती नावं फार आवडतात. आमच्या इंग्रजीच्या सरांनी त्यावर विशेषणांचा एक तासही घेतला! मी माझ्या पहिल्या मशीनचं नाव ठेवलं गॅरेज.

मी तीच चूक करून पाहिली

एका शनिवारी शाळा सुटल्यावर एकटीच बसले. गॅरेज सुरू केलं, मल्टिपास शेल गॅरेज म्हणून आत शिरले. आत एक छोटी फाइल बनवली, तिच्यात तीन-चार मुलांचे खोटे गुण लिहिले. मग त्या मुलाने दिलेली आज्ञा जशीच्या तशी दिली. तशीच यादी आली, तसाच प्रश्न आला. मी वाय दाबलं.

भराभर एकेक भाग निघत गेला. थांबल्यावर मी पाहिलं, माझी फाइल कुठे आहे? ती होती तिथेच होती. उघडून पाहिली. गुण तसेच.

तेव्हा लख्ख कळलं. ती आज्ञा प्रणालीचे भाग काढते. आपण बनवलेल्या फाइलींना ती हात लावत नाही. त्या दिवशी काळ्या पडद्यामागे माझे गुण डिस्कवर सुखरूप होते. त्याच ओळीवर लॉगिन करून ते पेन ड्राइव्हवर घेता आले असते. ते उडवले फॉरमॅटने, आणि फॉरमॅट मारा असं म्हणणारी मी होते. वर्षभर मी त्या मुलाच्या नावावर जे सांगत फिरले, ते माझं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला कक्षात बोलावलं. तो घाबरतच आला. तोपर्यंत दहावीत गेला होता, उंच झाला होता. मी त्याला पडद्यावर सगळं करून दाखवलं आणि म्हटलं, "गुण तू नाही उडवलेस. मी उडवले. आणि तुला सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं माझं."

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण बाई, वाय मीच दाबलं होतं."

मी म्हटलं, "हो, ते तू दाबलंस. यादी न वाचता. आता ही यादी आपण दोघं वाचू." आणि कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. त्याने हात मांडीवरून उचलायला थोडा वेळ घेतला. पण उचलला.

दुपारी शिक्षक कक्षातही मी हे सांगितलं. जिथे आळ घेतला होता, तिथेच तो मागे घ्यायला हवा होता.

तासिकेत काय करतो

आता थोडं कामाचं. तुम्हाला करून पाहायचं असेल तर आमची पद्धत अशी.

मशीन बनवण्याचं काम तासाआधी उरकते. पहिल्या वेळी तयार प्रत इंटरनेटवरून उतरते, ती काहीशे एमबीची असते. एकदा उतरली की पुढची मशीन त्याच प्रतीवरून बनतात, मग वेळ लागत नाही. बनवून झालं की मल्टिपास स्टॉप म्हणून मशीन थांबवायचं आणि मल्टिपास स्नॅपशॉट म्हणायचं. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाचा फोटो. मशीन थांबलेलं असतानाच तो घेता येतो, हे लक्षात ठेवा. नंतर काहीही मोडलं की पुन्हा थांबवायचं, मल्टिपास रिस्टोर म्हणून तो फोटो सांगायचा, की मशीन होतं तसं. रिस्टोर करताना ते विचारतं, आत्ताच्या स्थितीचाही फोटो घेऊन ठेवू का? मुलांना मी सांगते, घाई करू नका, वाचा. न वाचता वाय दाबण्याचा इतिहास आपल्या कक्षाला आहे.

प्रत्येक जोडीकडे एक वही. तिच्यात तीन रकाने: अंदाज, कृती, काय झालं. आधी अंदाज लिहायचा, मगच एंटर. वही कोरी असेल तर कीबोर्ड मिळत नाही.

सोप्यापासून सुरुवात केली. स्वतःच्याच फाइलवरचे सगळे अधिकार काढून टाका आणि मग ती उघडून पाहा. उघडत नाही. "बाई, माझीच फाइल मलाच नाही म्हणते!" मग 5 जीबीची डिस्क मुद्दाम भरून टाका आणि जागा संपल्यावर काय काय अडतं ते लिहा.

शेवटी ज्याची सगळे वाट बघत होते ते, मुळापासून सगळं पुसण्याची आज्ञा. पहिल्यांदा दिली तर संगणकाने चक्क नकार दिला, हे धोक्याचं आहे म्हणून. मुलं हिरमुसली. पुसण्याच्या आज्ञेतच ही अडवणूक ठेवलेली आहे. मग एका मुलीने ती जरा वेगळ्या तऱ्हेने लिहिली, मुळाऐवजी मुळाखालचं सगळं, आणि अडवणूक चुकवली. पडद्यावर ओळी धावल्या. सगळं थांबल्यावर तिने फाइलींची यादी दाखवणारी एलएस आज्ञा दिली. आज्ञाच सापडेना. पण इको म्हणून काही लिहिलं तर ते मात्र उमटत होतं! वर्ग चक्रावला. घर जळालं आणि घंटी वाजतेय?

कारण मुलांनीच शोधलं, मी फक्त थांबून राहिले. एलएस हा डिस्कवर ठेवलेला वेगळा प्रोग्रॅम आहे, तो पुसला गेला. इको शेलच्या पोटातच असतो, आणि शेल आधीच मेमरीत चालू होता. डिस्क आणि मेमरी यांतला फरक मी नऊ वर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवतेय. त्या दिवशी पहिल्यांदा तो कोणाला विसरता येणार नाही असा कळला.

मशीन टाकून द्यायचं असेल तर मल्टिपास डिलीट. ते लगेच नष्ट होत नाही, कचरापेटीत जातं, रिकव्हर म्हणून परत आणता येतं. पर्ज म्हटलं की मात्र कायमचं गेलं. नष्ट होण्याला दोन पायऱ्या का ठेवल्या असतील, हा प्रश्न मी चाचणीत विचारला होता. एकाने लिहिलं, "माणूस रागात पहिली पायरी दाबतो म्हणून." मी पूर्ण गुण दिले.

सांभाळायच्या गोष्टी

हे साधन म्हणजे जादूची पेटी नव्हे. चार गोष्टी मला ठेच लागून कळल्या, त्या तुम्ही आधीच वाचून घ्या.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची. मल्टिपासमध्ये माउंट नावाची सोय आहे. तिने आपल्या खऱ्या संगणकाचा फोल्डर आतल्या मशीनला जोडता येतो. जोडलेल्या फोल्डरमधलं आत पुसलं की ते बाहेरही खरोखर पुसलं जातं. शिवाय लिनक्स आणि मॅकवर प्रायमरी नावाचं जे आपोआपचं मशीन बनतं, त्याला तुमचा घरचा फोल्डर न सांगताच जोडलेला असतो. म्हणून मोडायला प्रायमरी कधीच देऊ नका. वेगळं नाव देऊनच मशीन बनवा आणि आत काही जोडलेलं नाही ना, हे मल्टिपास इन्फो म्हणून तपासा. विंडोजवर ही सोय मुळात बंद असते, ती बंदच राहू द्या.

दुसरी, आपण आत आहोत की बाहेर, हे टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं. आमच्याकडे मोठी आज्ञा देण्याआधी ती ओळ मोठ्याने वाचायची असा नियम आहे. "उबंटू ॲट गॅरेज" असं ऐकू आलं की मगच एंटर.

तिसरी, आतल्या मशीनला इंटरनेट असतं. ते तुमच्या संगणकाला मोडतोडीपासून वाचवतं, पण मुलांना नको त्या गोष्टींपासून वाचवत नाही. लक्ष तुमचंच हवं.

चौथी, फळ्यावरचा पासवर्ड पुसा. आता आमच्या मुलांची साधी खाती आहेत, त्यांना खऱ्या संगणकाचे अधिकार नाहीत. आतल्या मशीनमध्ये मात्र ती राजा! आणि हो, गुणांच्या फाइलची दुसरी प्रत ठेवा. हे सांगायचा मला काय अधिकार, पण ठेवा.

मशीन सुरूच होत नसेल तर संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असण्याची शक्यता मोठी. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली ते चालू आहे का, ते दिसतं. विंडोजची होम आवृत्ती असेल तर आधी व्हर्च्युअलबॉक्स बसवावं लागेल.

पालकांसाठी दोन शब्द

घरी एकच लॅपटॉप, त्यावर बाबांच्या ऑफिसचं काम, बँकेचं काम. मुलाने हात लावला की आपण दचकतो. दचकणं चूक नाही, ती गिऱ्हाइकाची गाडीच आहे. पण नुसतं "हात लावू नको" म्हणून थांबू नका. त्याला त्यातच एक कोपरा करून द्या, आणि हे मोडलं तरी चालेल असं तोंडाने सांगा. तोंडाने सांगणं महत्त्वाचं आहे, कारण मुलं आपल्या चेहऱ्यावरून अंदाज लावतात, आणि आपला चेहरा बहुतेक वेळा लाल स्केचपेनसारखा असतो.

तो मुलगा यंदा बोर्डाची परीक्षा देतोय. फार बोलत नाही, आधीही बोलत नव्हता. पण मधल्या सुट्टीत कोणाचं मशीन अडलं की पोरं माझ्याकडे यायच्या आधी त्याच्याकडे जातात. तो आधी यादी वाचतो. सगळी.

दारावर आता नवी सूचना आहे, त्याच्याच अक्षरात: "एंटर दाबण्याआधी तीन प्रश्न. मी आत आहे की बाहेर? फोटो घेतला का? अंदाज लिहिला का? मग खुशाल मोडा."